नकार दारातच द्यावा

गेल्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. नागपूरला एका छोट्या कंपनीत तो 'कॉम्प्युटरचं सगळं' बघतो. सगळं म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढण्यापासून ते साहेबांच्या बायकोचा मोबाइल सुरू करून देण्यापर्यंत सगळं. म्हणाला, "मामा, ऑफिसात जाहिरातींच्या मेलचा नुसता चिखल झालाय. तुम्ही हे काम बरीच वर्षं केलंय. काय करू ते सांगा ना."

मी म्हटलं लिहून पाठवतो. लिहायला बसलो तर दोन ओळींचं उत्तर चार पानांचं झालं, आणि त्यात तांत्रिक गोष्टींपेक्षा भलतंच जास्त आलं. म्हटलं, इथेच टाकावं. नेहमीची मंडळी वाचतील, आणि नातेवाईकही अधूनमधून डोकावतात असं कळतं (मावशी, नमस्कार!).

आधी थोडी पार्श्वभूमी. न मागता आलेला, काहीतरी विकायला निघालेला मेल हा प्रकार वाटतो त्यापेक्षा जुना आहे. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीतल्या गॅरी थर्क नावाच्या गृहस्थांनी अर्पानेटवरच्या जवळपास चारशे पत्त्यांवर एकाच वेळी आपल्या नव्या कॉम्प्युटरच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण धाडलं. लोक चिडले, तक्रारी झाल्या. पण मशिनं विकली गेली, असं थर्क नंतर सांगत. सगळी गोम इथेच आहे. हजार जण चिडले तरी एकाने विकत घेतलं की पाठवणाऱ्याचं भागतं, कारण पाठवायला त्याला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. खर्च येतो तो घेणाऱ्याला. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. पाठोपाठ हा पाहुणाही आला.

२००४ च्या जानेवारीत दावोसला बिल गेट्स म्हणाले होते की दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटेल. मी ते पेपरात वाचलं होतं. वाईटही वाटलं होतं, कारण नुकताच मी पुण्यात एका कंपनीत मेल सर्व्हर सांभाळायला लागलो होतो. म्हटलं, आता आपली नोकरी जाणार!

कंपनी यंत्रांचे सुटे भाग विकायची. माणसं शंभर-सव्वाशे. दिवसाला येणाऱ्या दहा मेलपैकी सहा-सात कचरा असायचे. साहेबांना सकाळी चहाबरोबर स्वस्त औषधं, परदेशातली लॉटरी आणि घरबसल्या डॉलर कमवा, हे सगळं एकदम मिळायचं. त्यांनी मला बोलावलं आणि एकच वाक्य म्हणाले, "मला हे उद्यापासून दिसता कामा नये."

मी स्पॅमअसॅसिन बसवलं. ते फुकट मिळायचं, अजूनही मिळतं. कल्पना साधी. येणाऱ्या प्रत्येक मेलची तपासणी करायची आणि गुण द्यायचे. विषय सगळा कॅपिटल अक्षरांत असेल तर काही गुण, मजकूर कोरा आणि नुसती जोडलेली फाइल असेल तर काही, ज्या जोडणीवरून मेल आला तिचा पत्ता काळ्या यादीत असेल तर आणखी काही. गुण पाचाच्या वर गेले की शिक्का बसायचा, 'हे स्पॅम दिसतंय'. शाळेत गुण जास्त मिळाले की पास, इथे जास्त मिळाले की नापास.

इथपर्यंत ठीक होतं. पण मी तरुण होतो आणि साहेबांचं 'उद्यापासून' डोक्यात होतं. मी पुढे जाऊन दोन गोष्टी केल्या. एक, आठाच्या वर गुण गेलेला मेल शिक्का मारून पुढे न पाठवता थेट नष्ट करायचा. लिनक्समध्ये 'डेव्ह-नल' नावाचं एक बिनबुडाचं भोक असतं, त्यात काहीही टाका, आवाज न होता नाहीसं होतं. (नालवाडीचा पोरगा नलमध्ये मेल टाकतोय, असा पांचट विनोद मी तेव्हा मित्रांना ऐकवायचो.) दुसरी गोष्ट, घरबसल्या डॉलरवाल्यांना वैतागून मी पदरचा एक नियम घातला. विषयात 'जॉब' शब्द दिसला की तीन गुण.

आठवड्याभरात साहेबांची सकाळ स्वच्छ झाली. मला त्या वर्षी पगारवाढ बरी मिळाली.

आता थोडं नालवाडीकडे येतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नालवाडी म्हणजे वर्ध्याला अगदी लागून असलेलं आमचं गाव. विनोबा १९३२ पासून १९३८ मध्ये पवनारला जाईपर्यंत इथे राहायचे. आमच्या घरापुरतं सांगायचं तर बाबा पोस्टमन होते. सायकल, खांद्याला पिशवी, आणि कुणाचं घर कुठल्या बोळात हे तोंडपाठ. ते २००१ ला निवृत्त झाले, पण सवय गेली नाही. घरी आलेल्या लग्नपत्रिकेवरचा पत्ताही ते आधी तपासून बघायचे.

शेजारच्या काकांची मुलगी बी.कॉम. झाली होती. टॅलीचा कोर्स केला होता, हुशार होती. २००५ च्या उन्हाळ्यात मी घरी गेलो तेव्हा काका म्हणाले, "तुमच्या कंपनीत काही जमते का पाहा ना बाप्पा." आमच्याकडे अकाउंट्समध्ये एक जागा निघणार होतीच. मी तिला कंपनीचा नोकरीअर्जांचा मेलपत्ता लिहून दिला आणि म्हटलं, तिथे बायोडाटा पाठव, मी एच.आर.ला सांगून ठेवतो. पुण्याला परतल्यावर सांगूनही ठेवलं.

जून गेला, जुलै गेला. एच.आर.च्या बाई म्हणाल्या, "अहो, तुमच्या गावाकडचं कोणी पाठवणार होतं ना? काही आलं नाही." मला वाटलं, नसेल यायचं तिला एवढ्या लांब. घरच्यांनी नको म्हटलं असेल. फोन करून विचारावं असं एकदा मनात आलं, राहून गेलं. जागा भरली.

दिवाळीला घरी गेलो. काका अंगणात होते. मी हाक मारली, तर 'हं' म्हणून आत गेले. फराळाचं ताट दरवर्षी त्यांच्याकडून पहिलं यायचं, त्या वर्षी आलं ते संध्याकाळी, आणि धाकट्याच्या हातून. माझ्या काही लक्षात येईना. रात्री जेवण झाल्यावर बाबांनी विषय काढला.

"काहून रे, त्या पोरीनं तुमच्या कंपनीत तीनदा कागद पाठवला म्हणते. एक उत्तर नाही देलं तुम्ही लोकांनी?"

"बाबा, काही आलंच नाही."

"ते म्हणते पाठवला. वर्ध्याले सायबर कॅफेत जाऊन पाठवला. पैसे भरून."

तोपर्यंत मला काहीही सुचलं नव्हतं. मग सायबर कॅफे हा शब्द डोक्यात घुमला आणि पोटात गोळा आला. मी तिला गाठून विचारलं, विषयाच्या जागी काय लिहिलं होतंस? ती म्हणाली, कॅफेवाल्या दादाने सांगितलं तसं. मोठ्या अक्षरांत 'अर्जंट रिक्वायर जॉब', पुढे तीन उद्गारचिन्हं. आत काही नाही, फक्त बायोडाटा जोडलेला.

पुण्याला गेल्या गेल्या मी सर्व्हरची नोंदवही उघडली. जुन्या नोंदी पुसल्या गेल्या होत्या, त्यामुळे पहिले दोन प्रयत्न सापडले नाहीत. तिसरा सापडला. एक ओळ. तारीख, वेळ, कॅफेच्या जोडणीचा पत्ता (तो काळ्या यादीत होता, तिथल्या एखाद्या मशिनला व्हायरस लागला असणार), कॅपिटल अक्षरं, कोरा मजकूर, आणि माझे स्वतःचे तीन गुण. एकूण नऊच्या वर. शेवटचा शब्द, 'नष्ट'.

नोकरीच्या अर्जांसाठी ठेवलेल्या पत्त्यावर मी 'जॉब' या शब्दाला शिक्षा लावून ठेवली होती. आणि ही एकच मुलगी नसणार. त्या वर्षभरात आणखी किती जणांनी पाठवलं असेल याचा हिशोब कुठेच नव्हता, कारण हिशोब ठेवायचाच नाही असं मीच ठरवलं होतं.

मी तिला फोन करून सगळं खरं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दादा, मले वाटलं माझा बायोडाटाच खराब हाय. मग मी दुसरीकडं पाठवलाच नाही." आणि मग, "नाही तर नाही म्हणायचं होतं ना."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

बाबांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनी मला पोस्टाची रीत सांगितली, जी मी लहानपणापासून बघत होतो आणि कधी विचारात घेतली नव्हती. रजिस्टर पत्र घ्यायला माणसाने नकार दिला, तर पोस्टमन ते नाल्यात टाकून येत नाही. पाकिटावर शेरा लिहितो, 'घेण्यास नकार', 'पत्त्यावर राहत नाही', 'पत्ता अपुरा', जे असेल ते. तारीख, सही, आणि पत्र परत. पाठवणाऱ्याला कळतं की पोचलं नाही, आणि का पोचलं नाही तेही कळतं. (रजिस्टर पोस्ट २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झालं. बाबा असते तर दोन दिवस जेवले नसते.)

"पण बाबा," मी म्हटलं, "हे चोर लोक पाठवणाऱ्याच्या जागी भलत्याचंच नाव घालतात. परत पाठवलं तर त्या बिचाऱ्या भलत्यालाच जाईल."

ते म्हणाले, "मंग घेतं काहून? नकार दारातच द्याचा. एकदा का पिशवीतून हातात घेतलं, का ते आपलं झालं."

वाचकहो, मेल सर्व्हरबद्दल याहून शहाणं वाक्य मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही. दोन सर्व्हर एकमेकांशी बोलतात तेव्हा मेल ताब्यात घेण्याआधी घेणाऱ्याला 'नाही' म्हणता येतं, कारणासकट. ५५० असा आकडा आणि पुढे एक ओळ. समोर खरा सर्व्हर असेल तर तो ती ओळ पाठवणाऱ्या माणसापर्यंत नेतो. समोर चोराचं यंत्र असेल तर ते ऐकतही नाही, पुढच्या दारात जातं. निरपराध तिसऱ्याला काही जात नाही. मी मात्र मेल ताब्यात घेऊन, 'मिळाला बरं का' असं म्हणून, मागच्या दाराने फेकत होतो. त्या मुलीच्या बाजूने बघितलं तर तिचा मेल पोचला होता.

बाबांनी आणखी एक गोष्ट सांगितली, त्यांची आवडती. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या सेगावला राहायला गेले. पत्रांचा ढीग यायचा. पण बुलढाणा जिल्ह्यात शेगाव आहे, गजानन महाराजांचं. इकडची पत्रं तिकडे जायला लागली. शेवटी १९४० साली गावाचं नावच बदललं, सेवाग्राम केलं. बाबा म्हणायचे, "चिठ्ठी चुकत असन तर चिठ्ठीवर नाही रागवाचं. पत्ता सुधराचा."

तर मी पत्ता सुधारला. 'जॉब'चा नियम काढला. नोकरीअर्जांचा पत्ता चाळणीतून वगळला आणि तो रोज एका माणसाने डोळ्यांनी बघायचा असं ठरवून घेतलं. आठाच्या वरचे मेल दारातच नाकारायला लागलो, नकारात आमच्या ऑफिसचा फोन नंबर घालून. पाच ते आठमधले वेगळ्या खोक्यात, आणि दर सोमवारी प्रत्येकाला त्याच्या खोक्याची यादी. ग्रेलिस्टिंगही लावलं. २००३ साली इव्हान हॅरिस यांनी मांडलेली ही युक्ती. अनोळखी सर्व्हरला पहिल्यांदा सांगायचं, 'थोड्या वेळाने या'. खरा सर्व्हर परत येतो, घाईतलं चोरयंत्र येत नाही. निम्मा कचरा तिथेच थांबला. पहिला मेल थोडा उशिरा पोचतो एवढाच तोटा.

इथवर बाहेरून येणाऱ्यांचं झालं. पण कंपनीतला अर्धा त्रास आतलाच असतो, हे भाच्याला मुद्दाम सांगायचंय. आमच्याकडे 'सर्व कर्मचारी' नावाचा एक पत्ता होता, त्यावर कोणीही काहीही पाठवू शकायचं. एकाचा विम्याचा साइड बिझनेस, दुसऱ्याच्या बायकोच्या साड्या, 'वन बीएचके भाड्याने देणे आहे', दिवाळीला घरगुती फराळाची ऑर्डर. आणि मग त्यावर 'रिप्लाय ऑल' करून 'मला अर्धा किलो चिवडा'. हाही न मागता आलेला जाहिरातीचाच मेल, फक्त पाठवणारा ओळखीचा, म्हणून कोणी बोलत नाही. मी तो पत्ता चौघांपुरता ठेवला आणि खरेदी-विक्रीसाठी वेगळी यादी काढली, ज्याला हवं त्याने नाव घालावं. अडवलेल्याला लगेच उत्तर जायचं, 'हा मेल पुढे गेला नाही, विक्रीची यादी इथे आहे'. दोन दिवस काही जण बोलले नाहीत माझ्याशी. तिसऱ्या दिवशी नव्या यादीत चकल्या आल्या. छान होत्या.

आणि बाहेर जाणारं टपाल. एका विक्री अधिकाऱ्याने कुठूनतरी हजारो पत्त्यांची सीडी आणली आणि आमच्याच सर्व्हरवरून सगळ्यांना आमचा कॅटलॉग धाडला. मी 'नको' म्हटलं होतं, पण जोर लावून म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही काळ्या यादीत. गिऱ्हाइकांना पाठवलेली बिलं परत यायला लागली. नाव काढून घ्यायला तीन दिवस लागले. पण बघा, बिलं परत आली, प्रत्येकावर कारण लिहिलेलं होतं, म्हणून आम्हाला कळलं आणि सुधारता आलं. आमच्यासारख्या गुन्हेगारांनाही समोरच्यांनी 'नाही' म्हणून सांगितलं होतं. त्या मुलीला मी तेवढंही दिलं नव्हतं.

आता दिवस बदललेत. आपल्या देशात नुसत्या ईमेल स्पॅमसाठी वेगळा कायदा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ मध्ये त्रासदायक ईमेलचा उल्लेख होता, पण ते कलमच सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं, आणि बरंच केलं. नको असलेल्या फोन आणि एसएमएससाठी ट्रायचे नियम आहेत, १९०९ आहे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा कायद्याने संमतीचा मुद्दा आणला. पण खरा फरक पाडला तो मोठ्या मेलवाल्यांनी. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू ठोक मेल पाठवणाऱ्यांकडून ओळख पटवणाऱ्या नोंदी मागतात (एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क), एका क्लिकमध्ये 'नको' म्हणायची सोय मागतात, आणि तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगतात.

तर भाच्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात. त्या तीन नोंदी आधी घाल, म्हणजे तुमच्या नावाने दुसरं कोणी पाठवणार नाही. 'सर्व कर्मचारी' पत्त्याला कुलूप लाव. विकत घेतलेल्या यादीवर कोणी मेल पाठवायला निघालं तर जोर लावून 'नको' म्हण. वेबसाइटवर सगळ्यांचे पत्ते उघडे ठेवू नका. ओळखीच्या दुकानाचा मेल नको असेल तर त्यातली 'बंद करा'ची लिंक दाब, अनोळख्याची दाबू नको. एवढ्याने बराच चिखल वाळेल.

हे सगळं मी फोनवरही सांगितलं होतं. तो म्हणाला, आमचं सगळं आता क्लाउडवर आहे मामा, चाळणी त्यांचीच आहे, मस्त चालते. मग एवढा चिखल कसा, असं मी विचारलं नाही. विचारलं ते वेगळंच. चाळणीत जे अडकतं ते कुठल्यातरी फोल्डरमध्ये पडत असेल ना? ते कोण बघतं?

तो म्हणाला, "कोणी नाही."

मी त्याला ही गोष्ट सांगितली. काकांच्या मुलीचं पुढे चांगलं झालं, हेही सांगितलं. दोन वर्षांनी वर्ध्यातच एका ठिकाणी हिशोबाच्या कामाला लागली, आता तिच्या हाताखाली माणसं आहेत. नालवाडीला भेटली की चहा देते, तो विषय काढत नाही. पण ती दोन वर्षं घरी बसली, ती माझ्या एका ओळीमुळे.

तिसऱ्या दिवशी भाच्याचा मेसेज आला. "मामा, फोल्डर उघडलं. एका जुन्या गिऱ्हाइकाची ऑर्डर आहे, आणि नोकरीचे अर्ज. अकरा."

मी लिहिलं, अकराही जणांना उत्तर पाठव. जागा नसेल तर 'नाही' म्हण, पण पाठव.

असो. बराच लांबला लेख. तुमच्यापैकी कोणी मला मेल पाठवला असेल आणि उत्तर गेलं नसेल, तर कृपा करून पुन्हा पाठवा, किंवा सरळ फोन करा. मी माझं स्पॅम फोल्डर दर रविवारी उघडून बघतो, पण शेवटी माणूस आहे, एखादं नजरेतून सुटतंच.